महापालिकेचा ठराव, नागरिकत्वाचा पुरावा आणि मतदारयादी : ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांचे प्रश्न

बिहारमध्ये जून २०२५ मध्ये मतदारयादीची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली. तेव्हापासून ‘मतदार व्हायला आता नागरिकत्वाचा पुरावा लागणार का?’ हा प्रश्न ठाणे-वाशीतल्या घरांतही ऐकू येतो. पत्रे बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र करून निवडक पत्रांना उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या भागातले नगरसेवक म्हणतात, ‘महासभेत ठराव आणू, की ठाण्यात मतदार नोंदणीसाठी कोणाकडेही नागरिकत्वाचा पुरावा मागायचा नाही.’ असा ठराव झाला तर तो लागू होतो का?
— वाचक, वर्तकनगर, ठाणे

ठराव करता येतो, पण तो निवडणूक यंत्रणेवर बंधनकारक नाही. लोकसभा-विधानसभेच्या याद्या घटनेच्या कलम ३२४ नुसार भारत निवडणूक आयोगाच्या ताब्यात आहेत आणि नागरिकत्व हा विषय केंद्राचा. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो हे खरे, पण तो आयोग वेगळी यादी तयार करत नाही. विधानसभेचीच यादी घेऊन प्रभागांत फोडतो. १५ जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीला १ जुलै २०२५ ची विधानसभा यादी वापरली गेली. म्हणजे विधानसभेच्या यादीतून नाव गेले की पुढच्या वेळी प्रभागाच्या यादीतही ते दिसणार नाही. आपल्या मतदारांची यादी ठरवण्यात महापालिकेचा काहीच हात नसतो, ही गोष्ट पुष्कळ नगरसेवकांच्याही लक्षात येत नाही.

‘मग आमचे शिक्षक आणि लिपिक या कामाला देणार नाही’ असेही महापालिकेला म्हणता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम २९ नुसार मुख्य निवडणूक अधिकाऱ्याने मागितलेले कर्मचारी स्थानिक संस्थेला द्यावेच लागतात. त्या कामावर असेपर्यंत ते आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असे मानले जाते. कामात कसूर केली तर कलम ३२ खाली त्या कर्मचाऱ्यावरच खटला होऊ शकतो. ठराव करणारे सुटतात आणि बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून नेमलेली शिक्षिका अडकते. शिवाय महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य शासन असा ठराव रोखू शकते, ते वेगळेच.

केरळच्या विधानसभेने २९ सप्टेंबर २०२५ रोजी या फेरतपासणीविरुद्ध एकमताने ठराव केला. तरीही २७ ऑक्टोबरला पुढच्या फेरतपासणीसाठी जाहीर झालेल्या १२ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत केरळ होतेच. अख्ख्या विधानसभेच्या ठरावाने जे थांबले नाही, ते महासभेच्या ठरावाने थांबणार नाही. महाराष्ट्र त्या बाराजणांत नव्हता. इथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका तोंडावर होत्या आणि दोन्ही कामांना माणसे तीच लागतात.

याचा अर्थ नगरसेवकांचा विरोध फुकट आहे असा नाही. नागरिकत्वाचा पुरावा मागितला की माणूस शेवटी कागद शोधत येतो तो महापालिकेच्याच दारात. जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला, महापालिका शाळेतला दाखला, जुनी घरपट्टीची पावती, हे सगळे महापालिकेचे कागद आहेत. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे, की नगरसेवकांकडे निषेधाच्या ठरावाऐवजी महापालिकेच्या हातातल्या गोष्टी मागा. प्रत्येक प्रभाग समितीत जुनी जन्म-मृत्यू रजिस्टरे शोधून देण्यासाठी वेगळी खिडकी हवी. ठाणे नगरपालिका १८६३ ची, महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ची. मधल्या काळात सामील झालेल्या गावांची ग्रामपंचायत रजिस्टरे कुठल्या कार्यालयात आहेत, त्याची यादी जाहीर व्हायला हवी. शोधशुल्क माफ करण्याचा प्रस्ताव आणता येतो. बंद पडलेल्या महापालिका शाळांची जनरल रजिस्टरे कुठे गेली, हे शिक्षण विभागाला महासभेत विचारता येते. असा ठराव आयुक्तांना अमलात आणता येतो आणि त्याने माणसाच्या हातात कागद पडतो.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये आहे, गेल्या वर्षी तिथला नागरिक झाला. तिकडे मतदार नोंदणीला नागरिकत्वाचा पुरावा सक्तीचा झाला आणि स्थानिक अधिकारीच त्याला विरोध करत आहेत असे तो सांगतो. तिकडच्या स्थानिक संस्थांना असा अधिकार आहे का? आणि त्याचे नाव अजून आमच्या कोपरीच्या यादीत आहे, त्याचे काय करावे?
— वाचक, कोपरी, ठाणे

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. आधी अमेरिकेचे पाहू.

तिथे आपल्यासारखा एकच निवडणूक आयोग सगळ्या याद्या करत नाही. बहुतेक राज्यांत नोंदणी काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) करते, न्यू हॅम्पशायरसारख्या ईशान्येकडच्या राज्यांत प्रत्येक टाउन करते. अर्ज घेणारा, कागद तपासणारा आणि परत पाठवणारा माणूस हा टाउन क्लार्कसारखा अगदी स्थानिक पातळीवरचा अधिकारी असतो. नियम वॉशिंग्टनला किंवा राज्याच्या राजधानीत होतात, रांगेतल्या माणसाला नाही म्हणायची पाळी मात्र त्याच्यावर येते. विरोध तिथून सुरू होतो.

१९९३ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यानुसार केंद्राच्या अर्जावर माणूस शपथेवर ‘मी नागरिक आहे’ असे लिहून देतो. खोटे निघाले तर शिक्षा आहे. २००४ मध्ये ॲरिझोनाने जनमताने कागदोपत्री पुरावा सक्तीचा केला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला, की केंद्राच्या अर्जावर राज्याला असा जादा पुरावा मागता येणार नाही. त्यातून ॲरिझोनात दोन प्रकारचे मतदार तयार झाले. पुरावा दिलेले सगळ्या निवडणुकांत मत देतात. न दिलेले फक्त केंद्रीय पदांसाठी, म्हणजे त्यांना आपल्या शहराच्या किंवा शाळा मंडळाच्या निवडणुकीत मत नाही. दोन मतपत्रिका छापणे आणि दोन याद्या सांभाळणे हे काम काउंटीच्या माथी आले.

कॅन्ससमध्ये काय झाले ते अधिक बोलके आहे. तिथे २०१३ पासून पुरावा सक्तीचा झाला आणि सुमारे ३१ हजार अर्जदारांची नोंदणी अडकली किंवा रद्द झाली. खटल्यात पुढे आले, की १९ वर्षांत यादीत घुसलेले अ-नागरिक जास्तीत जास्त ३९ होते. २०१८ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द केला, २०२० मध्ये अपिलातही तो टिकला नाही. पुराव्याच्या सक्तीबद्दल बोलताना हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत असे आम्हाला मनापासून वाटते.

न्यू हॅम्पशायरचा कायदा नोव्हेंबर २०२४ पासून लागू आहे. आधी कागद जवळ नसेल तर प्रतिज्ञापत्रावर नोंदणी होत असे, ती सोय काढून टाकली. मार्च २०२५ च्या टाउन निवडणुकांत काही मतदारांना केंद्रावरून परत जावे लागले. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांची अडचण जास्त झाली, कारण जन्मदाखल्यावर एक नाव आणि ओळखपत्रावर दुसरे. मध्ये विवाहाचा दाखला नसेल तर साखळी जुळत नाही. देशभर अशीच सक्ती आणणारे विधेयक प्रतिनिधी सभेने १० एप्रिल २०२५ रोजी २२० विरुद्ध २०८ मतांनी मंजूर केले. त्यावर स्थानिक निवडणूक अधिकाऱ्यांचा मुख्य आक्षेप असा, की पुराव्याविना अर्ज स्वीकारला तर तुरुंगवास क्लार्कला आहे, अर्जदार खराखुरा नागरिक असला तरी. कागद प्रत्यक्ष येऊन दाखवायचे, पण त्यासाठी माणसे वाढवायला पैसा नाही. त्याआधी २५ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या आदेशातली पुराव्याची अट न्यायालयांनी रोखली. थोडक्यात, तिथल्या टाउनला राज्याचा कायदा मोडता येत नाही. पण प्रत्यक्ष काम त्यांच्या हातात असल्याने त्यांच्या बोलण्याला वजन आहे.

मुलाने नोंदणीला जाताना अमेरिकी पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचे मूळ प्रमाणपत्र न्यावे. वाहन परवाना नागरिक होण्याआधीचा असेल तर त्या खात्याच्या नोंदीत तो अजून परदेशी म्हणूनच दिसतो. ती नोंद आणि सोशल सिक्युरिटीची नोंद आधी बदलून घ्यावी. नागरिक झालेल्यांची नावे पडताळणीत अडकण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

आता कोपरीचे. त्याने स्वेच्छेने अमेरिकी नागरिकत्व घेतले त्या क्षणी, नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार, त्याचे भारतीय नागरिकत्व संपले. ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असले तरी भारतात मतदानाचा हक्क नाही. आपण किंवा त्याने नमुना ७ भरून, कारण ‘भारतीय नागरिक नाही’ असे नमूद करून नाव वगळायला द्यावे. फेरतपासणीचा अर्ज घरी आला तर त्याच्या नावासमोर घरच्यांनी सही करून ‘इथेच राहतो’ असे अजिबात लिहून देऊ नये. खोट्या निवेदनाला लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहेत, आणि ते सही करणाऱ्याला लागू होते. नमुना ६अ परदेशस्थ मतदारांसाठी असतो, पण तो फक्त भारतीय पासपोर्ट असलेल्यांना.

प्रश्न : मुलीला १८ वर्षे पूर्ण झाली. एका एजंटने ‘नागरिकत्वाचा दाखला लागेल, मी काढून देतो’ म्हणून पैसे मागितले. खरेच लागतो का?
— वाचक, घणसोली

नाही. एकही पैसा देऊ नका. नेहमीच्या नोंदणीत, म्हणजे नमुना ६ मध्ये, नागरिकत्वासाठी स्वतंत्र कागद मागितलेला नाही. अर्जाच्या शेवटी प्रतिज्ञापन असते, ‘मी भारताची नागरिक आहे आणि माझे जन्मस्थळ अमुक गाव, जिल्हा, राज्य’, त्याखाली सही. कागद दोनच गोष्टींसाठी लागतात. जन्मतारखेसाठी जन्मदाखला, दहावी-बारावीचे प्रमाणपत्र, पासपोर्ट, आधार, पॅन, वाहन परवाना यांपैकी एक. पत्त्यासाठी आधार, चालू बँक पासबुक, वीज-पाणी-गॅसचे बिल, नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत यांपैकी एक. बिल आई-वडिलांच्या नावावर असले तरी चालते.

अर्ज ऑनलाइन करता येतो आणि तो फुकट आहे. अडकतो तो तीन ठिकाणी. पहिले, जन्मस्थळाची ओळ घाईत रिकामी राहते किंवा तिथे सध्याचा पत्ता लिहिला जातो. दुसरे, दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, त्यामुळे अर्जात नाव उलटे पडते. तिसरे, कुटुंबातल्या मतदाराचा एपिक (मतदार ओळखपत्र) क्रमांक दिला नाही की नाव शेजारच्या इमारतीच्या भागात जाते आणि घरातल्या चौघांची दोन मतदान केंद्रे होतात. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर या चार अर्हता दिनांकांना १८ पूर्ण होणाऱ्यांची नोंदणी होते, आणि १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही देता येतो. शंका असेल तर १९५० या क्रमांकावर फोन करा.

प्रश्न : फेरतपासणीत १९८७ आणि २००४ अशी वर्षे सांगतात, २००२ च्या यादीचाही उल्लेख होतो. आम्ही नेमके काय काढून ठेवावे? आधार चालते की नाही?
— दोन वाचक, कळवा आणि नेरूळ

१९८७ आणि २००४ ही वर्षे नागरिकत्व कायद्यातून आली आहेत. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ च्या आधी जन्मलेल्याचा आई किंवा वडील यांपैकी एक नागरिक असायला हवा. त्यानंतर जन्मलेल्याचे दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. बिहारच्या फेरतपासणीत याच टप्प्यांनी कागद मागितले : पहिल्या गटाला स्वतःचा, दुसऱ्याला स्वतःचा आणि आई-वडिलांपैकी एकाचा, तिसऱ्याला स्वतःचा आणि आई-वडील दोघांचाही.

पण कागदाआधी जुनी यादी. मागच्या सखोल फेरतपासणीच्या यादीत आपले किंवा आई-वडिलांचे नाव सापडले की कागदांचे काम खूप कमी होते. बिहारमध्ये ती यादी २००३ ची होती, महाराष्ट्रात २००२ ची. इथे ठाणेकरांची फजिती होते ती अशी, की ते २००२ च्या यादीत ऐरोली, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, मुंब्रा-कळवा हे मतदारसंघ शोधतात. हे मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेनंतरचे आहेत. २००२ साली नवी मुंबई जुन्या, अवाढव्य बेलापूर मतदारसंघात होती. म्हणून तेव्हाच्या मतदारसंघाच्या नावाने आणि तेव्हा राहत होता त्या पत्त्याने शोधा. लालबाग-परळच्या चाळीतून नंतर कळव्याला आलेल्यांनी मुंबईच्या यादीत, आणि गावी नाव ठेवलेल्यांनी गावच्या यादीत पाहावे. सापडलेल्या पानावरचा मतदारसंघ, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून ठेवा, पान छापून घ्या. बायकांचे नाव तेव्हा माहेरच्या यादीत असू शकते, हे विसरू नका.

यादीत नाव नसेल तर कागद. आयोगाने बिहारसाठी ११ कागद सांगितले होते. त्यांत आपल्याकडे सहज निघणारे असे : जन्मदाखला, पासपोर्ट, मंडळ किंवा विद्यापीठाचे प्रमाणपत्र, जातीचा दाखला, कायम रहिवासाचा दाखला, सरकारी नोकरीचे ओळखपत्र किंवा पेन्शनचा आदेश, वनहक्क प्रमाणपत्र, सरकारने दिलेल्या जमिनीचे किंवा घराचे वाटपपत्र, आणि १ जुलै १९८७ पूर्वी सरकार, स्थानिक संस्था, बँक, टपाल खाते, एलआयसी किंवा सार्वजनिक उपक्रमाने दिलेला कोणताही कागद. हा शेवटचा प्रकार लोक दुर्लक्षितात. नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेचा १९८७ पूर्वीचा शाळा सोडल्याचा दाखला, टपालाचे जुने बचत पुस्तक, एलआयसीची जुनी पॉलिसी हे त्यात मांडता येतात. खासगी शाळेचा दाखला मात्र ‘मंडळाचे प्रमाणपत्र नाही’ म्हणून परत येऊ शकतो; त्याच्याबरोबर दहावीचे प्रमाणपत्र ठेवा.

सिडकोचे जुने वाटपपत्र असेल तर ते बँकेच्या लॉकरातून काढून साक्षांकित प्रत करून ठेवा. वाटपपत्राच्या मुद्द्यावर ते पुढे करता येते, मान्य करणे अधिकाऱ्यावर आहे. महाराष्ट्रात तहसील कार्यालयाकडून मिळणाऱ्या दाखल्याचे पूर्ण नावच ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’ असे आहे. कॉलेज प्रवेशासाठी बहुतेक घरांत तो काढलेला असतो, आणि मुलाचा झाला की फाइलमध्ये पडून राहतो. तो शोधा.

जन्मदाखला जन्म झाला तिथूनच मिळतो, राहतो तिथून नाही. केईएममध्ये जन्मलेल्याला मुंबई महापालिकेकडे जावे लागेल. पहिले बाळंतपण माहेरी करायच्या आपल्या रीतीमुळे ठाण्यातल्या कितीतरी लोकांची नोंद साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या ग्रामपंचायतीत आहे. नोंद सापडली नाही तर ‘नोंद आढळत नाही’ असा लेखी दाखला घ्या. तो पुढच्या विलंबित नोंदीला लागतो. एका वर्षापेक्षा उशिराच्या नोंदीला जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि २०२५ पासून महाराष्ट्रात त्याची पडताळणी फार कडक झाली आहे. म्हणून आज गरज नसली तरी हे काम आजच सुरू करा. फेरतपासणी जाहीर झाल्यावर महिन्याभरात ते होत नाही.

आधारबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २०२५ रोजी बिहारसाठी आधार हा बारावा कागद म्हणून घ्यायला सांगितला, पण ओळखीचा पुरावा म्हणून, नागरिकत्वाचा नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातल्याच एका जामीन प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटले, की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कोणी नागरिक ठरत नाही. आधार जोडा, पण एकट्या आधारवर विसंबू नका.

प्रश्न : आई ६८ वर्षांची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे. लग्नात पहिले नावही बदलले. तिचा पुरावा कसा जुळवायचा?
— वाचक, ऐरोली

आपल्याकडे लग्नात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही बदलतात. कागदावर ती जणू दुसरीच व्यक्ती होते, आणि ही अडचण सर्वांत जास्त तिच्याच वयाच्या बायकांना येते. दोन नावे जोडणारा एक कागद हवा. विवाह नोंदणी झालेली असेल तर तो दाखला उत्तम. नसेल तर लग्नाची उशिरा नोंदणी आजही महापालिकेत होते. लग्नपत्रिका, पुरोहिताचे आणि साक्षीदारांचे प्रतिज्ञापत्र लागते. पत्रिका नसेल तर नुसते प्रतिज्ञापत्र करून थांबू नका. नाव बदलाची नोंद शासन राजपत्रात करून घ्या, तो अंक आयुष्यभर चालतो.

तिच्या शाळेतून दाखल्याची दुसरी प्रत घेताना जनरल रजिस्टरचा उतारा वेगळा मागा. त्यात जन्मगाव, जन्मतारीख, वडिलांचे नाव एका ओळीत असते आणि मूळ रजिस्टरचा अनुक्रमांक असतो, जो अधिकारी तपासू शकतो. तिचा जन्म १९८७ च्या आधीचा, म्हणजे स्वतःचा एक कागद पुरतो. आई-वडिलांचे कागद शोधत बसू नका. आणि सगळ्यांत आधी २००२ ची यादी. तेव्हा ती सासरच्या नावाने मतदार असेल तर हा सगळा खटाटोप बहुधा लागणारच नाही.

प्रश्न : येऊरच्या पाड्यांवरच्या लोकांना आम्ही अर्ज भरायला मदत करतो. जन्मदाखले कोणाकडेच नाहीत. काय जोडावे?
— कार्यकर्त्यांचा गट, ठाणे

वनहक्क मान्य झाला असेल तर वनहक्क प्रमाणपत्र. ते ११ कागदांत नावाने आहे. नसेल तर जातीचा दाखला. वनहक्क प्रमाणपत्र पती-पत्नीच्या नावावर असते, म्हणून मुलांसाठी त्यांचा स्वतःचा जातीचा दाखला वेगळा काढून घ्या. नाहीतर छाननीत ‘आई-वडिलांच्या नावाचा कागद’ म्हणून वनहक्क प्रमाणपत्र बाजूला पडते.

प्रश्न : माझ्या नावावर हरकत आली आहे, ‘भारतीय नागरिक नाही’ असे कारण लिहिले आहे. सुनावणीची नोटीस मिळाली. मी २० वर्षे मतदान करतो आहे.
— वाचक, खारघर

घाबरू नका, पण सुनावणी चुकवू नका. आपल्याला न ऐकता नाव काढता येत नाही. १९५० च्या कायद्याच्या कलम २२ मध्ये तसे स्पष्ट आहे. यादीत आधीपासून नाव असणे यालाच वजन आहे. दिल्ली आणि मुंबईतल्या मतदारांना अशाच नोटिसा गेल्या होत्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लालबाबू हुसेन प्रकरणात सांगितले, की आधीच्या नोंदीला योग्य महत्त्व द्यायला हवे, माणसाला संशयाचे कारण कळवायला हवे आणि त्याने दिलेले सगळे पुरावे बघायला हवेत.

सुनावणीआधी कार्यालयात जाऊन नमुना ७ ची, म्हणजे हरकतीच्या अर्जाची, प्रत मागा. हरकत घेणारा त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. त्याचे नाव, एपिक क्रमांक, सही आहे का ते पाहा. मूळ कागद दाखवायला आणि झेरॉक्स द्यायला, असे दोन वेगळे संच न्या. मूळ कागद तिथे ठेवून येऊ नका. लेखी म्हणणे दोन प्रतींत द्या, एका प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी ‘झाले, जा’ म्हटले तरी लेखी आदेश मागा, कारण अपिलाची मुदत आदेशाच्या तारखेपासून मोजतात. पहिले अपील १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे, दुसरे ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. हरकत जाणूनबुजून खोटी असेल तर कलम ३१ त्या हरकतदारालाही लागू होते, हे लेखी म्हणण्यात जरूर लिहा.

एक गोष्ट खारघर, कामोठे, कळंबोलीच्या सगळ्यांसाठी. पत्त्यात आपण नवी मुंबई लिहितो, पण आपली महापालिका पनवेल, विधानसभा मतदारसंघ १८८ पनवेल आणि जिल्हा रायगड. अपील अलिबागच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचे. ते ठाण्याला पाठवले तर तिथून परत येईपर्यंत १५ दिवस निघून जातात.

प्रश्न : आमची इमारत पुनर्विकासात पाडली. सध्या आम्ही भाड्याच्या घरात, दुसऱ्या मतदारसंघात राहतो. बीएलओने ‘स्थलांतरित’ अशी नोंद केली तर?
— वाचक, नौपाडा, ठाणे

कायद्याने तात्पुरत्या गैरहजेरीमुळे सर्वसाधारण रहिवास संपत नाही, पण नुसती घराची मालकी असल्यानेही तो टिकत नाही. पाडलेल्या इमारतीच्या जागेवर पत्र्याचे कुंपण बघून बीएलओ काय लिहील हे त्याच्यावर राहते. ताबा वर्षभरात मिळणार असेल तर विकासकाशी झालेल्या करारनाम्याची प्रत आणि सोसायटीचे पत्र बीएलओकडे देऊन पोच घ्या. तीन-चार वर्षे लागणार असतील तर सरळ नमुना ८ (पत्ता बदलाचा अर्ज) भरून भाड्याच्या पत्त्यावर नाव न्या आणि ताबा मिळाल्यावर पुन्हा नमुना ८ ने परत आणा. मतदारसंघ बदलत असला तरी ऑगस्ट २०२२ पासून नमुना ८ च भरायचा असतो. नवा नमुना ६ भरू नका. त्याने दोन ठिकाणी नाव राहते आणि मागच्या महापालिका निवडणुकीत दुबार मतदारांच्या नावापुढे जे दोन तारे आले, ते आपल्या नावापुढे येतात. सोसायटीने सगळ्या सभासदांचे अर्ज एकत्र गोळा केले तरी प्रत्येकाची सही आणि भाडेकराराची प्रत वेगळी लागते. एका पत्राखाली साठ नावांची यादी जोडून दिली तर ती स्वीकारली जात नाही.